अंतरा

आम्हाला सांगितलं होतं, जागा सोडायची नाही.
गंजगोलाईच्या एका तोंडाला
भांड्यांच्या बंद दुकानापुढं
खडूनं गोल आखून दिलेला.
त्यात चार वाजवणारे, एक ढोल
आणि लक्ष्मणसाठी प्लास्टिकची खुर्ची.

बत्तीस वर्षं क्लॅरनेट वाजवतोय,
पण एका जागी उभं राहून कधी नाही.
आमचं सगळं चालत.
पुढं आम्ही, मागं नवरदेव.
घोडा अडला की आम्ही अडायचं,
मेव्हणे रंगात आले की
एकाच ओळीवर अर्धा तास.
आज उलटं.
आज आम्ही खांब, आणि लातूर पळणार.

पिवळ्या टी-शर्टवर तबला, तबल्याला दोन पाय.
पाच किलोमीटर, वळणावळणाला वेगळा सूर,
शाहू चौकात हलगी,
गुळाच्या बाजाराकडं भजनी मंडळ,
गांधी चौकात टेम्पोवर डीजे,
ज्याचा धक्का इथपर्यंत दातांत लागतो.
जमेल तो पैसा डायलिसिसच्या दोन मशिनींना.
कस्तुरे डॉक्टरीणबाई म्हणल्या,
मानधन नाही हो, नाश्ता आहे, सुशीला.
दस्तगीर म्हणला, बाई,
पोस्टरवर माणूस आमचाच हाय,
नाश्त्याचे पण कापा.

पोस्टरवरचा लक्ष्मण लाल वर्दीतला,
गाल फुगलेले, मांडीवर युफोनियम.
फोटो जुना आहे.
आता आठवड्यातून तीनदा मशिनीवर.
म्हणतो, तिचा ठेका दादऱ्याचा,
पण बेणं पाचवी मात्रा खातंय.
चार तास पडल्या पडल्या
तो ती मात्रा मनात भरत राहतो.

साडेसहाला शिट्टी.
आडत्यांची पोरं आली, शिकवणीची पोरं आली
रात्रभर जागलेल्या डोळ्यांची,
एक हवालदार, पोट सांभाळत,
एक आजोबा अनवाणी.
आम्ही मुखडा उचलला की ते आले,
समेवर यायच्या आत गेले.
कुणाला दीड ओळ मिळाली,
कुणाला नुसती वर चढणारी तान,
आणि एकाच्या कानात त्याचंच गाणं,
तो आमच्याकडं बघून हसला मात्र.

बिडवे मॅडम, गणिताच्या,
कमरेवर हात ठेवून थांबल्याच.
"पुढचं वाजवा की, थांबते मी."
मागून गलका झाला, मॅडम, पळा!
गेल्या.
पुढचं तसंच राहिलं.

लक्ष्मणचं जुनं म्हणणं,
मुखडा वरातीचा, अंतरा आपला.
अंतऱ्याला कोण नाचतंय?
म्हणून आम्ही तो गाळत आलो,
मांडव ते देऊळ, देऊळ ते मांडव,
बत्तीस वर्षं.
बोटांनाही आता खात्री नव्हती.

सव्वाआठला रस्ता रिकामा झाला.
हवालदार बॅरिकेड फरफटत न्यायला लागला,
कागदी कप सगळीकडं,
डाळीच्या दुकानाचं शटर खडखडत वर गेलं.
मी रीड काढून पुसत होतो.
लक्ष्मण म्हणला, "काय आवरालाव?"
"संपलं की."
"अंतरा राहिलाय."

दस्तगीरनं ढोल परत गळ्यात घातला,
काही बोलला नाही.
मी उचलला, दोन जागी चुकलो,
तिसऱ्या जागी सापडला तो
घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखा,
घडीवर थोडा विरलेला.
लक्ष्मणची बोटं खुर्चीच्या हातावर,
एक दोन तीन चार
पाच
सहा.
पाचवीला जरा जोरात.

शेवंताबाई झाडत झाडत आमच्यापर्यंत आली.
"पाय उचला," म्हणली.
आम्ही वाजवतच सरकलो,
तिनं कपांबरोबर खडूचा गोलही नेला.
ऐकत होती का, माहीत नाही.
खराटा मात्र ठेक्यात होता.

मग खाली बसलो. सुशीला गार झाली होती.
लक्ष्मणनं अर्धा कप चहा घेतला
आणि दिवसाच्या पाण्यातून
तेवढा वजा केला.